पूर्ण पडद्यावरचा खेळ मागे का राहतो?

संगणकावरचा खेळ संथ चालणे आणि तो मागे राहणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पण बोलताना आपण दोहोंनाही 'अडकतोय' म्हणून मोकळे होतो. कन्नडमध्ये हा भेद चटकन करता येतो : 'निधान' म्हणजे संथ आणि 'तड' म्हणजे उशीर. (मराठीत निधान म्हणजे ठेवा. या शब्दावरून आमच्या वर्गात एकदा बराच हशा झाला होता.) मला लिहावयाचे आहे ते उशिराविषयी. लिनक्सच्या संगणकावर खेळ पडदाभर उघडला, चित्रे सफाईने सरकत आहेत, पण कळ दाबल्यावर गाडी वळते ती क्षणभराने. असे का होते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे कठीण जाऊ नये. बँकेच्या खिडकीवरचा रोखपाल मिनिटाला एक गिऱ्हाईक मोकळे करीत असेल तर त्याचा वेग चांगलाच म्हणावयाचा. परंतु रांगेत आपल्यापुढे दहा जण असतील तर आपली दहा मिनिटे गेलीच. खेळाच्या कोपऱ्यात दिसणारा 'सेकंदाला ६० चित्रे' हा आकडा रोखपालाचा वेग सांगतो, रांगेची लांबी सांगत नाही. आमच्या घरी एक जुना संगणक टीव्हीला जोडलेला आहे व धाकटी बहीण त्यावर सुपरटक्सकार्ट खेळते. तिची तक्रार ऐकून एका दुकानदाराने जे नवे ग्राफिक कार्ड सुचविले त्याची किंमत माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त होती. एवढी रक्कम खर्ची टाकण्याआधी रांग मोजून पाहावी असे मी वडिलांना म्हटले.

प्रथम संथपणा वगळावा. यंत्रणेच्या माहितीत चित्रे काढणाऱ्याचे नाव 'एलएलव्हीएमपाइप' असे दिसले तर कार्डाचे काम बिचारा प्रोसेसरच करीत आहे असे समजावे; तो रोग वेगळा आणि त्याला औषध ड्रायव्हरचे. आमच्याकडे तसे नव्हते.

आता रांगेत कोण कोण उभे असते ते पाहू. प्रोसेसर चित्राची मांडणी ठरवतो, कार्ड ते रंगवते, आणि मग येतो कंपॉझिटर. छापखान्यात खिळे जुळवून पान बसविणाऱ्याला कंपॉझिटर म्हणत. येथेही काम तेच. सगळ्या खिडक्यांची चित्रे घेऊन तो पडद्याचे एक पान बसवतो. सावल्या, पारदर्शक कडा ही त्याचीच कारागिरी. पण खेळाने पडदाच व्यापला असेल तर जुळवायला उरते काय? तरीही काही मांडणींत हा गृहस्थ चित्र हातात घेतल्याशिवाय पुढे सोडत नाही. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एका चित्राची पाळी १६.७ मिलिसेकंदांची, पाळी हुकली की चित्र पुढच्या पाळीपर्यंत थांबते. शेवटी पडदा स्वतः, आणि टीव्ही असेल तर तो चित्र उजळ, नितळ करण्यात आणखी वेळ घालवतो.

मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल कळफलक आणि पडदा दोन्ही दिसतील असा ठेवावा. बोट कळ दाबते तेथपासून गाडी हलेपर्यंतची चित्रे मोजावीत. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की हिशेब बुडाला.

आमची पहिली सरासरी ३६ चित्रे, म्हणजे १५० मिलिसेकंद आली. टीव्हीच्या यादीतला 'गेम मोड' चालू करताच ती २१ वर उतरली. यात लिनक्सचा काडीचा संबंध नव्हता! नंतर एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' उघडून कंपॉझिटरच्या पानावर पूर्ण पडद्याच्या खिडक्या थेट दाखविण्याची खूण केली. सरासरी १३. तेरजेत फरक पडला आणि त्याला ९ ने भाग गेला तर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असावेत, हे आपण शिकतो. तसेच येथे : ८ चित्रे कमी झाली, म्हणजे ३३ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर दोन पाळ्या. चोर रांगेतच होता हे या भागाकाराने कळले. सिनॅमन वापरणाऱ्यांना अशीच सोय 'जनरल' या पानावर मिळते. केडीईच्या एक्स-११ सत्रात आल्ट, शिफ्ट आणि एफ-१२ एकदम दाबले की कंपॉझिटर झोपी जातो.

'व्ही-सिंक' बंद केल्यानेही उशीर कमी होतो, पण चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. बहिणीला ते मुळीच खपले नाही, म्हणून ते चालूच ठेवले. दुसरी युक्ती मला अधिक पटली. कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असेल तर त्याच्यापुढे तयार मांडण्यांचा ढीग साचतो. अशा वेळी खेळातील सजावट थोडी कमी केली अथवा चित्रांच्या वेगाला मर्यादा घातली तर ढीग ओसरतो. वेग कमी करून उशीर घटतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण गिऱ्हाइके एकेक करून आत सोडली तर रांग होतच नाही.

२००८ पासून उभारल्या गेलेल्या वेलँडमध्ये कंपॉझिटर हाच मुख्य कारभारी असल्याने त्याला बंद करता येत नाही. मात्र पडदाभर पसरलेल्या खेळाचे चित्र तो न हाताळता थेट पडद्याकडे देऊ शकतो. वर एखादी सूचना तरंगत आली तर पुन्हा जुळणी सुरू होते, म्हणून खेळताना सूचना बंद ठेवाव्यात. आणखी एक : ४-के टीव्ही एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर पूर्ण आकारात सेकंदाला ३० चित्रेच दाखवतो. तेथे पाळीच ३३ मिलिसेकंदांची होते. आकार १९२० गुणिले १०८० करून ६० निवडावे.

ज्यांना मोजणी करून पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला वाचनालयात गाठावे. कन्नड विभागातल्या मित्रांना मी कन्नडमध्येही सांगेन.