थंडीतील पेरणी आणि बीजप्रक्रिया

खरिपाच्या पेरणीला पावसाची वाट पाहावी लागते, तर हिवाळ्यातील पेरणीला जमिनीच्या उबेची. पहिली गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. दुसरीकडे मात्र अजून पुरेसे लक्ष जात नाही.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन हे येथील खरिपाचे मुख्य पीक आहे. ते निघाल्यावर रब्बीत हरभरा व गहू आणि विहिरीला पाणी टिकले तर जानेवारीपासून उन्हाळी भुईमूग, असा क्रम अनेक गावांत आढळतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. नेमक्या याच दिवसांत उशिराचा गहू आणि लवकरचा भुईमूग जमिनीत पडतो.

थंडीने काय घडते?

कोरडे बी ओल्या मातीत पडताच वेगाने पाणी शोषू लागते. पेशींभोवतीची पातळ आवरणे त्या वेळी पुन्हा सांधली जात असतात. माती फार थंड असेल तर भुईमूग, सोयाबीन, कापूस यांसारख्या उष्ण प्रदेशातील पिकांच्या बियांत हे सांधणे नीट होत नाही. बियांतील शर्करा बाहेर झिरपते व तिच्यावर जमिनीतील बुरशी पोसते. अंकुर दुबळा होतो आणि उगवण लांबते. जितके दिवस बी मातीखाली, तितकी बुरशीला संधी अधिक.

गव्हाचे तसे नाही. थंडीत त्याची उगवण मंदावते. पण बी सहसा दगावत नाही. म्हणून दोन्ही पिकांना एकच उपाय लागू करणे योग्य नव्हे.

गहू व हरभरा : भिजवण

गव्हाचे बी सुमारे बारा तास आणि हरभऱ्याचे सुमारे आठ तास साध्या पाण्यात भिजवावे, सावलीत वरवर सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. यामुळे उगवणीचा काही काळ जमिनीबाहेरच पार पडतो. गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागांत १९९० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्या शेतांवर मका, भात व हरभरा या पिकांत ही पद्धत तपासली गेली. तेथे कळीचा मुद्दा ठरला तो सुरक्षित मर्यादेचा. पाण्याबाहेर काढल्यावर बियाला आपोआप मोड येणार नाही, इतकाच वेळ ते भिजवावयाचे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते भिजवणीनंतर लावावे. कारखान्यातून औषध लावून आलेले बी भिजवू नये.

भुईमूग : संरक्षण

भुईमुगाच्या दाण्याचे साल पातळ असते. निष्काळजीपणे भिजवल्यास साल सुटते, डाळी अलग होतात. म्हणून येथे कोरडी प्रक्रिया श्रेयस्कर. दर किलो बियाण्यास थायरम ३ ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम चोळावे. त्यानंतर, पेरणीपूर्वी थोडा वेळ आधी, रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम लावून बी सावलीत सुकवावे. क्रम उलटू नये. प्रक्रिया केलेले दाणे खाण्यात किंवा जनावरांच्या चाऱ्यात जाऊ नयेत. कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराच्या सौम्य द्रावणाचाही संशोधकांनी अभ्यास केला आहे. पण त्याचा अवलंब कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानेच करावा.

बीजप्रक्रियेची मर्यादा

बीजप्रक्रिया बुरशीला अडवते. ती जमीन तापवत नाही. पेरणीच्या खोलीवर मातीचे तापमान सुमारे १८ अंशांवर स्थिरावल्याखेरीज भुईमूग पेरणे हा जुगार ठरतो. उन्हाळी भुईमुगाची पेरणी साधारणतः १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात सुचविली जाते, ती यासाठीच. आधी ओलीत करून वाफशावर, ऊन चढल्यावर पेरावे. कोरड्यात पेरून लगेच थंड पाणी सोडू नये. चीनमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ आच्छादनाखाली जमीन उबदार ठेवून भुईमूग घेण्याची पद्धत रुजली; महाराष्ट्रातही तिचा अवलंब झाला आहे.

हेक्टरी शंभर किलोहून अधिक दाणा लागतो. उगवण विरळ झाली तर तो खर्च वाया जातो. दुबार पेरणी करावी तर पीक लांबते, मे महिन्यात विहीर आटते आणि काढणी पावसात सापडते. शेतकऱ्याला हा हंगाम परत मिळत नाही.

गावाने काय करावे?

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. एकाच पोत्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात ठेवावेत; दुसरे शंभर शेतात पेरणीच्या खोलीवर लावावेत. आणखी शंभर प्रक्रिया करून शेजारी लावावेत. भुईमुगाच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असते. पण ती अनुकूल उबेतील चाचणीची असते. घरातील आणि शेतातील आकड्यांतील अंतर म्हणजे थंडीने घेतलेला वाटा. प्रक्रियेने त्यातील किती वाचला, हे तिसऱ्या ओळीवरून मुलेही सांगू शकतील.

ग्रामपंचायतीने मातीचा एक तापमापक घ्यावा व रोज सकाळचे तापमान फलकावर लिहावे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषि विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन जवळच उपलब्ध आहे. पेरणीची तारीख शेजाऱ्याच्या तिफणीवरून न ठरता त्या फलकावरून ठरू लागली, तर बीजप्रक्रियेवरील थोडासा खर्च पुरेपूर सार्थकी लागेल.