सहा शब्दांची किल्ली



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या एका विद्यार्थ्याच्या ईमेल खात्यात कोणी अज्ञात मनुष्य शिरला. त्याने मुलाच्या नावाने त्याच्या मामांस निरोप धाडला की, फी भरावयाची आहे, तरी पाच हजार रुपये ताबडतोब पाठवावेत. मामांचा भाच्यावर जीव. त्यांनी काही चौकशी न करता रक्कम पाठविली. ती परत मिळाली नाही. मुलाचा पासवर्ड म्हणजे त्याचे नाव व त्यापुढे जन्मवर्ष! घरी त्यास पुष्कळ बोलणी खावी लागली. ही हकीकत ऐकून आम्ही मात्र मनातल्या मनात ओशाळलो. कारण आमचा स्वतःचा पासवर्ड म्हणजे सर्वांस तोंडपाठ असलेले एक शास्त्रवचन होते. गुरू व शिष्य एकाच माळेचे मणी ठरले. यास्तव हा पाठ आम्ही प्रथम स्वतःस व मग तुम्हांस देत आहो.

पासवर्ड फोडणारा चोर हल्ली स्वतः तर्क करीत बसत नाही. ते काम तो यंत्राकडून करवितो. २००९ साली 'रॉकयू' या अमेरिकन कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लक्ष पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेला पासवर्ड कोणता? तर '१२३४५६'. अशा याद्या चोरांच्या हाती असतात. शिवाय नावे, जन्मवर्षे, म्हणी, गाणी, वचने यंत्र आधी तपासून पाहते. एखाद्या अक्षराऐवजी तशाच आकाराचे चिन्ह घालण्याची युक्तीही त्यास ठाऊक असते. सारांश, जे आपणांस चटकन सुचते, ते इतरांसही सुचलेले असते. मनुष्याचे मन ठरलेल्या वाटेनेच चालते. म्हणून निवड मनाकडे न सोपविता फाशाकडे सोपवावी.

ही युक्ती १९९५ साली आर्नल्ड राइनहोल्ड या अमेरिकन गृहस्थांनी 'डाइसवेअर' या नावाने प्रसिद्ध केली. त्यांच्या यादीत ७,७७६ शब्द असून पाच वेळा फासा टाकला म्हणजे त्यांतील एक शब्द निश्चित होतो. आपणांस हेच मराठीत करता येईल. वर्गातील ३६ मुलामुलींनी प्रत्येकी ३६ सोपे शब्द वहीत लिहावेत. एकच शब्द दोन वह्यांत येऊ देऊ नये. झाले १,२९६ शब्द. वह्यांना व शब्दांना ११ ते १६, २१ ते २६, याप्रमाणे ६६ पर्यंत क्रमांक द्यावेत. मग सर्व शब्दांची एक यादी प्रत्येकाने घरी न्यावी व सापशिडीतला फासा एकांतात टाकावा. पहिल्या दोन फेकींनी वही ठरते, पुढील दोन फेकींनी शब्द ठरतो. असे सहा शब्द काढावेत. आवडला नाही म्हणून एखादा शब्द बदलू नये. तसे केल्यास निवड पुन्हा मनाच्या हाती जाते.

कोणी विचारील, "गुरुजी, यादी तर साऱ्या वर्गास ठाऊक!" असू द्या. कुलपाची रचना शत्रूस कळली तरी किल्लीवाचून ते उघडू नये, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ सालीच मांडले आहे. येथे यादी हे कुलूप व फाशाने दिलेला क्रम ही किल्ली.

आता गणित पाहू. चोराचे यंत्र एका सेकंदास १०० कोटी प्रयत्न करते असे धरू. इंग्रजीतील केवळ लहान लिपीच्या आठ अक्षरांचा पासवर्ड असेल, तर साऱ्या शक्यता सुमारे साडेतीन मिनिटांत संपतात. आपल्या यादीतील पाच शब्दांस सुमारे ४२ दिवस लागतात. सहा शब्दांस सुमारे १५० वर्षे! एका शब्दाने एवढे अंतर पडते.

पण सहा असंबद्ध शब्द स्मरणात कसे राहावेत? निवड फाशाने करावी व गोष्ट आपण रचावी. समजा, शब्द निघाले: शेवगा, पायरी, मुंगूस, कंदील, ताक, वीट. मग शेवग्याखालच्या पायरीवर मुंगूस बसले आहे, कंदिलाच्या उजेडात ते ताक पीत आहे व भांडे विटेवर ठेवले आहे, असे चित्र मनात रंगवावे. चित्र जितके हास्यास्पद, तितके ते टिकाऊ. रोमन लिपीत लिहावयाचे असल्यास प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग एकदाच ठरवून टाकावे. वरील शब्द मात्र कोणी वापरू नयेत; ते आता छापले गेले!

पालकांस दोन शब्द. प्रत्येक महत्त्वाच्या खात्यास निराळी किल्ली असावी. एक फुटली तरी बाकीची घरे सुरक्षित राहतात. ती विसरण्याचे भय वाटल्यास कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवावी. दूर देशीचा चोर तेथवर पोहोचत नाही. फुटल्याचा संशय नसता दर महिन्यास पासवर्ड बदलण्याची गरज नाही, असे अमेरिकेच्या मानक-संस्थेनेही २०१७ साली सांगितले. मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र कोणासही सांगू नये. सहा शब्दांची किल्लीही तेथे उपयोगी पडत नाही. आणि निरोपाने पैसे मागितले गेल्यास आधी फोन करून आवाज ऐकावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याने परवा आम्हांस सांगितले की, त्याने आपल्या मामांसही फासा टाकावयास बसविले. त्यांचे शब्द कोणते, हे आम्ही विचारले नाही व त्याने सांगितले नाही. पाठ त्यास पक्का समजला, असे आम्ही मानतो.