चोपण रानाला प्रेसमड

प्रश्न : पंचगंगेकाठची आमची दीड एकर काळी जमीन चोपण झाली आहे. पाणी वरच साचतं, वाळल्यावर ढेकळं फुटत नाहीत. कारखान्याचं प्रेसमड टाकून ती खरंच सुधारेल का? शेजारच्या रानात ते टाकल्यावर ऊस पिवळा पडला होता.
– एक शेतकरी वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : सुधारेल, पण प्रेसमड कुजवून टाकलंत आणि रानातल्या पाण्याला बाहेर जायला वाट दिलीत तरच.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. पाणी लागलं की हे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. सोडियमला तिथून हुसकावतं ते कॅल्शियम. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रस साफ करताना उरणारा गाळ, निघतं. आपल्याकडे बहुतेक कारखाने रस चुना आणि गंधकाचा धूर देऊन साफ करतात, त्यामुळे त्या गाळात कॅल्शियम आणि गंधक दोन्ही उतरतात. जमिनीतले जीवाणू गंधकाचं आम्ल करतात, सेंद्रिय भाग कुजतानाही आम्लं तयार होतात. या आम्लांनी रानातली चुनखडी विरघळते आणि तिच्यात अडकून पडलेलं कॅल्शियम मोकळं होतं. मला तरी प्रेसमडचा हाच गुण सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्या काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर असते, ती नुसती कामाला येत नाही.

मात्र कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याचं प्रेसमड घेऊ नका. त्यात मुख्यतः चुनखडीच असते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ती मानवेल, तुमच्या रानाला नाही. म्हणून कारखान्यात आधी पद्धत विचारा.

शेजाऱ्यांचा ऊस का पिवळा पडला, हे रान न पाहता ठामपणे सांगता येणार नाही. पण कच्चं प्रेसमड टाकलं असेल, तर ते कुजवताना जीवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि पिकाला कमी पडतं. शिवाय कुजताना ते चांगलंच तापतं, कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. उसाचं मेणही त्यात असतं, त्यामुळे ते सावकाश कुजतं. ढीग घालून, जीवाणू संवर्धक मिसळून, ओल राखून मधूनमधून उलथा. आतली धग गेली, वास मातीसारखा आला, की रानात पसरा.

सामू फार चढला असेल तर एकट्या प्रेसमडने भागणार नाही, माती परीक्षणानुसार जिप्समही द्यावं लागेल. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे, तिथे विचारा. २०१८ च्या ‘सतत’ या बायोगॅस योजनेपासून प्रेसमडला बायोगॅसवाल्यांचीही मागणी आहे. गॅस काढा, पण उरलेला चोथा शेतात परत यायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चर! सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं नाही, तर ते तिथेच राहून जमीन पुन्हा चोपण करतं. खर्चाची सुरुवात निचऱ्यापासून करा, प्रेसमडची ट्रॉली त्यानंतर.