उन्हाळ्यापूर्वीची चेन्नई आणि आपले पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु खेड्यातून येणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींचा प्रवास बहुधा लग्नकार्यापुरता आणि फार तर मुंबईपर्यंतचा असतो. गेल्या फेब्रुवारीत मला आठ दिवस चेन्नईला राहण्याचा योग आला. माझ्या मावशीचे यजमान तेथे नोकरीस आहेत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे परत आल्यावर ‘काय पाहिलंस?’ यापेक्षा ‘काय शिकलीस?’ हाच प्रश्न घरी अधिक झाला. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख.

दोन किनारे, दोन पाऊस

आमचे हेदवी आणि चेन्नई ही दोन्ही समुद्रकाठची. मात्र हेदवीला सूर्य समुद्रात मावळतो, तर चेन्नईला तो समुद्रातून उगवतो. आमच्याकडे काळा खडक. बामणघळीच्या चिरेत भरतीचे पाणी शिरते आणि उंच उसळते. तेथे मरीनाचा किनारा भर शहरात सुमारे सहा किलोमीटर पसरलेला, आणि वाळू इतकी रुंद की रस्त्यापासून पाण्यापर्यंत जाताना पाय दुखू लागतात. या किनाऱ्यासमोरच मद्रास विद्यापीठाची इमारत उभी आहे. मुंबई आणि कलकत्ता विद्यापीठांप्रमाणे हेही १८५७ सालचे.

दोन्ही किनाऱ्यांतील खरा फरक पावसाचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्यावर रिते होतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून पूर्वेकडे जाईतो त्या वाऱ्यांतील बरेचसे बाष्प सरलेले असते. पुस्तकातील ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द मला आगगाडीच्या खिडकीतून खरा समजला. पुणे मागे पडले, सोलापूर गेले, पुढे गुंतकलपर्यंत उघडे माळ आणि कोरडे ओढेच दिसत होते. चेन्नईला मुख्य पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, बंगालच्या उपसागरावरून, ईशान्येकडून. वर्षाची सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी. त्यातही नेम नाही. डिसेंबर २०१५ मध्ये याच पावसाने शहर बुडवले, आणि चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराचे तलाव कोरडे पडले.

उन्हाळ्यापूर्वीच का जावे?

फेब्रुवारीत चेन्नईची हवा सुखाची असते. दुपारचे तापमान तीस-एकतीस अंशांच्या आसपास राहते. मे महिन्यात मात्र ते सरासरी सदतीस-अडतीसवर जाते. ३१ मे २००३ रोजी तर तेथे ४५ अंशांची नोंद झाली होती. मे महिन्यातील ऐन कडाक्याच्या दिवसांना तमिळ लोक ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणतात.

समुद्रकाठच्या गावाला एवढा ताप का व्हावा, हे समजून घेण्यासारखे आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हा समुद्रवारा वेळेवर आला की किनारा निवतो. परंतु मे-जूनमध्ये पश्चिमेकडून, तापलेल्या जमिनीवरून जोराचा वारा सुटला की तो समुद्रवाऱ्याला दुपारनंतरपर्यंत थोपवून धरतो आणि शहर भाजून निघते. आपल्याकडे हाच प्रकार उलट्या दिशेने होतो. मार्चमध्ये पूर्वेकडून घाटावरचा गरम वारा आला आणि समुद्रवारा लांबला, की कोकणातही अंगाची लाही होते. एकच नियम, फक्त दिशा निराळी.

प्रेक्षणीय स्थळे सुखाने हिंडून पाहावीत, एवढ्यासाठी उन्हाळ्यापूर्वी जावे हे तर खरेच. पण मला त्याहून मोठे कारण असे वाटते की, येणाऱ्या उन्हाळ्याची तयारी हे शहर कशी करते, ते याच दिवसांत दिसते.

पाणी मोजणारे शहर

तमिळमध्ये पाण्याला ‘तण्णीर’ म्हणतात. ‘तण्’ म्हणजे गार आणि ‘नीर’ तर आपल्या ओळखीचेच. ज्या भाषेत पाण्याच्या नावातच गारवा आहे, त्या लोकांना उन्हाची किती ओळख असेल! गल्लीगल्लीत नळाजवळ रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग दिसते. ती पाहून मला परके वाटले नाही; आमच्या वाडीच्या विहिरीवर मे महिन्यात अशीच रांग असते, फक्त हंडे-कळशांची.

पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चार जुने तलाव. त्यांत किती साठा उरला आहे, हे रोज जाहीर होते आणि सामान्य माणसेही त्याबद्दल बोलतात. मावशीच्या शेजारच्या आजी पावसाळा सरल्यावर तलावांचे आकडे ऐकूनच उन्हाळा कसा जाईल ते सांगतात. २०१९ चा अनुभव कोणी विसरलेले नाही. त्या जुलैत सुमारे २०० किलोमीटरवरील जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून अशीच पाण्याची गाडी गेली होती, हे वाचकांना आठवत असेल.

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरालगत मोठे चौरस तळे आहे. देवाचा तराफा त्यात फिरवण्याचा उत्सव होतो, म्हणून ते पवित्र. पण भोवतालच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो, म्हणून ते उपयोगीही. जुन्या लोकांनी श्रद्धा आणि सोय यांची अशी गाठ घातली होती. नव्या काळात तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीवर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. पुढे मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प उभे राहिले. त्यांची मूळ क्षमता दिवसाला प्रत्येकी दहा कोटी लिटरची. एवढे करूनही शहराचे सर्व प्रश्न सुटले, असे मुळीच नाही. परंतु पाणी ही मोजून वापरण्याची वस्तू आहे, हे तेथे शहाण्यासुरत्या माणसांबरोबर लहान मुलालाही कळते.

सोन्याचांदीच्या बाजारात आम्हांला मराठी माणसेही भेटली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, भारतभर पसरले आहेत. दुष्काळी मुलखात शेती पिकेना, म्हणून त्यांच्या वाडवडिलांनी गाव सोडले. पाणी नसले म्हणजे माणसे कोठवर जातात, याचे ते चालते-बोलते उदाहरण आहे.

कृष्णेचे पाणी

या सहलीत मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते एका गोष्टीने. चेन्नईच्या पाण्यात आपल्या कृष्णेचा वाटा आहे! १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. त्यातूनच पुढे तेलुगू गंगा योजना झाली आणि १९९६ मध्ये कृष्णेचे पाणी पूंडीच्या तलावात पोहोचले. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी कालव्यांनी शेकडो किलोमीटर नेऊन त्या लोकांनी आपल्या घागरी भरल्या.

आता आपल्या बाजूला पाहू. कोयना ही कृष्णेचीच उपनदी. तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून पोफळीला वीज केली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली होती. तीन राज्यांनी मिळून चेन्नईला कबूल केलेल्या पाण्याच्या हे चौपटीहून अधिक. वीज झाल्यावर ते वाशिष्ठीत येते, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते आणि बहुतांश समुद्रात जाते. ती खाडी म्हणजे आपल्या गुहागर तालुक्याची उत्तर सीमा. त्याच तालुक्याच्या दक्षिणेस आमची वाडी आहे, आणि तेथे एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. आई पहाटे चारला उठून झऱ्यावर नंबर लावते. जून उजाडला की त्याच घराच्या पागोळ्यांखाली अंगण वाहून जाते.

दोष पावसाचा नाही. जांभ्या दगडाचा सडा पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहे आणि पऱ्ह्याला आलेले पाणी काही तासांत समुद्र गाठते. पण हे कारण समजल्यावर स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

आपण काय करू शकतो?

थोडे गणित मांडून पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या कौलारू घरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर दहा हजार हंडे आपण दरवर्षी पागोळ्यांतून सोडून देतो. सगळे साठवणे शक्य नाही, आवश्यकही नाही. पिण्यास व स्वयंपाकास रोज शंभर लिटर धरले, तरी दहा हजार लिटरची एक झाकलेली टाकी घराला शंभर दिवस, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मृगाच्या तोंडापर्यंत पुरेल. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून घ्यावे, आणि पिण्याचे उकळावे, एवढी काळजी पुरे. टाकीचा खर्च प्रत्येकाला झेपणार नाही, हे मी जाणते. म्हणूनच दोन-तीन घरांची मिळून एक टाकी, आणि दिवाळीनंतर पऱ्ह्यांवर मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे, हे श्रमदानाने होण्यासारखे मार्ग आधी धरावेत.

आणि एक काम तर आपण विद्यार्थी पैशाशिवाय करू शकतो. जानेवारी ते मे या काळात दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाने आपल्या वाडीतील विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी आणि वहीत लिहावी. भूगोल विभागाने या नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या वाडीचे पाणी कधी संपते, हे दोन वर्षांत आपल्यासमोर आकड्यांत येईल. टँकर मागताना, बंधाऱ्याची जागा ठरवताना, ग्रामसभेत उभे राहून बोलताना हे आकडे हाती असले, तर आपल्या शब्दाला वजन येईल. आपल्या आया आणि बहिणी ज्या पाण्यासाठी अर्धी रात्र जागतात, ते निदान मोजण्याइतके तरी शिक्षण आपल्याला मिळाले आहे. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे आणि मित्रमैत्रिणींनी दोरी घेऊन निघावे, ही विनंती.