नवा गेम आलाय, घ्यायचा का?

दर वर्षी सहामाही परीक्षेच्या आसपास हा प्रश्न घरोघरी निघतो आणि त्यात मुलांचा फारसा दोष नसतो. कन्सोलवरचे मोठे गेम पाश्चात्त्य देशांतल्या नाताळच्या खरेदीवर डोळा ठेवून बाजारात येतात, म्हणजे बहुतेक सप्टेंबर ते नोव्हेंबर. फुटबॉलचा नवा गेम सप्टेंबरअखेर हजर होतो. २०२५ साली ‘पोकेमॉन लेजंड्स : झेड-ए’ १६ ऑक्टोबरला आला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे वसुबारस होती. गणिताचा पेपर, यूट्यूबवरचे ट्रेलर आणि दिवाळीत हातात पडणाऱ्या पैशांचा हिशेब असं सगळं एकाच पंधरवड्यात. तेव्हा मुलीने नेमका त्याच वेळी विषय काढला, तर ‘हिला अभ्यासाच्या वेळीच बरं सुचतं’ असं म्हणू नका. सुचवणारे दुसरेच असतात.

मग आपण दोन प्रश्न विचारतो. केवढ्याला आहे? आणि किती वेळ खेळणार? दोन्ही रास्त आहेत. चार-पाच हजारांची डिस्क म्हणजे चेष्टा नाही. पण माझं तुम्हा आईबाबांना सांगणं असं की, या दोन्हीच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारा. हा गेम मुलाला सोडतो का? म्हणजे त्याला शेवट आहे का, मध्येच थांबवता येतो का, आणि एकदा पैसे दिल्यावर तो पुन्हा पैसे मागतो का?

तुमच्यापैकी पुष्कळांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला लावायचा ‘व्हिडिओ गेम’ खेळलेला असेल. ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी किंवा राखाडी कॅसेट, फुंकर मारून आत खुपसायची आणि मारिओ किंवा काँट्रा सुरू करायचा. त्या ९९९९ मध्ये खरे गेम पाच-सहाच असत, ही लबाडी होतीच. पण ती एकदाच. कॅसेट विकत घेतल्यावर तिने पुन्हा कधी खिशाकडे पाहिलं नाही, आणि आपण बंद केल्यावर ती आपल्याला परत बोलावत नव्हती. त्या अनुभवावरून आपण आजच्या गेमचा अंदाज बांधतो आणि तिथेच फसगत होते.

आजही तशा जातीचे गेम निघतात, आणि फार सुंदर निघतात. ‘अॅस्ट्रो बॉट’ हा सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आलेला गेम घ्या. टोकियोतल्या टीम असोबीने तो बनवला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये मारधाडीच्या बड्या गेमना मागे टाकून तो सर्वोत्कृष्ट ठरला. एक पिटुकला रोबॉट आकाशगंगेत विखुरलेले आपले तीनशे सोबती शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. लेव्हल छोट्या आहेत. पडला, बुडाला तरी क्षणात पुन्हा उभा राहतो. आत दुकान नाही. मुलं तो पुरा करतात आणि ‘झाला!’ म्हणून उठतात. हे ‘झाला!’ फार मोलाचं आहे. शिवाय एक गोष्ट दुकानदार आवर्जून सांगत नाही. याच रोबॉटचा ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’ हा छोटा गेम प्रत्येक प्लेस्टेशन ५ मध्ये आधीपासून फुकट घातलेला असतो. नवं मशीन घेतलंत तर पहिला आठवडा त्यावर सहज निघतो. खोक्याबरोबर लगेच चार डिस्का उचलायची गरज नाही.

आता दुसरी जात. फुटबॉलचा तो सप्टेंबरी गेम, पूर्वी ‘फिफा’ नावाने यायचा, २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ म्हणून येतो. त्याच्यावर युरोपच्या ‘पेगी’ संस्थेचा वयाचा आकडा वर्षानुवर्षं ३ असाच राहिला. तीन वर्षं! खेळात रक्त नाही, शिव्या नाहीत, मग ३. आईला वाटतं, यापेक्षा निरुपद्रवी काय असणार? पण त्यात ‘अल्टिमेट टीम’ नावाचा विभाग आहे. तिथे खेळाडू पॅकमधून मिळतात. खेळून मिळवलेल्या नाण्यांनी पॅक घेता येतो आणि खऱ्या पैशांनीही. आत कोण निघेल ते नशीब. तुम्हाला चिप्सच्या पाकिटातले टाझो आठवत असतील. हाही तसाच खेळ, फरक असा की टाझो निदान हातात उरायचा. इथे पुढच्या सप्टेंबरला नवी आवृत्ती आली की जमवलेला संघ मागेच राहतो आणि मुलगा शून्यापासून सुरू करतो. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये अशा पॅकना जुगारच ठरवलं. त्यानंतर २०१९ च्या जानेवारीत कंपनीने त्या देशात त्यासाठी लागणाऱ्या पॉइंटची विक्री थांबवली. इतर ठिकाणी ती चालू राहिली.

याच्या उलट ‘बलाट्रो’ची गंमत. एकट्या माणसाने बनवलेला हा पत्त्यांचा गेम २०२४ मध्ये आला. पोकरचे हात वापरून गुण जमवायचे, त्यात खऱ्या पैशाचा संबंध औषधालाही नाही. तरी पत्ते दिसतात म्हणून त्याला १८ चा शिक्का बसला. अपील झाल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत तो १२ वर आला. म्हणजे जुगाराचं नुसतं चित्र दिसलं म्हणून १८ बसला, आणि प्रत्यक्ष नशिबाचं पाकीट विकूनही वर्षानुवर्षं ३ राहिला. या आकड्यांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

आकडे निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. चित्रपटाला आपल्याकडे प्रमाणपत्र लागतं, पण कन्सोलच्या गेमसाठी आपण युरोप-अमेरिकेच्या शिक्क्यांवरच चालतो. पेगीचे ३, ७, १२, १६, १८ किंवा अमेरिकेच्या ‘ईएसआरबी’ची अक्षरं : ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे तेरापुढे, ‘एम’ म्हणजे सतरापुढे. १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेमवरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी ही पद्धत सुरू झाली. तिचा जन्मच रक्तपातावरून झाला, म्हणून ती रक्तपात चांगला ओळखते. हिंसा, भाषा, भीती याबद्दल शिक्क्यावर विश्वास ठेवा. गेम मुलाला जमेल का, आवडेल का, हे त्यावरून कळत नाही. पैशांचं तर फक्त बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘गेममध्ये खरेदी’. ती बारीक ओळ शोधा.

फुकट गेमच्या बाबतीत जास्तच. ‘फोर्टनाइट’ उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, म्हणून घरात चर्चाही होत नाही. तो बनवणाऱ्या एपिक कंपनीला डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मुलांची माहिती परवानगीशिवाय गोळा करणं हा एक आरोप. दुसरा असा की, बटणांची रचनाच नकळत खरेदी होईल अशी केली होती. त्यातले साडेचोवीस कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते. तेव्हा ‘आमचा मुलगा असं करणार नाही’ हा मुद्दाच नाही. बटण तसं ठेवणारे लोक पगारी असतात.

उपाय साधा आणि अर्ध्या तासाचा आहे. मुलाचं वेगळं खातं उघडा आणि त्यात जन्मतारीख खरी घाला. बहुतेक घरी बाबांच्याच खात्यावर सगळे खेळतात, आणि मशीनला वाटतं की चाळिशीचा गृहस्थ पोकेमॉन पकडतोय. मुलाचं खातं असेल तर सगळ्या मोठ्या कन्सोलवर वेळ, वयोगट, खर्च आणि अनोळखी लोकांशी बोलणं यावर बंधन घालता येतं. खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. निन्टेंडोचं पालकांसाठीचं अॅप फोनवर घ्या, पण त्यात एक लक्षात असू द्या. वेळ संपल्यावर नुसता गजर करायचा की गेम थांबवायचा, हे तुम्हाला निवडावं लागतं. नुसत्या गजराला मुलं दोन दिवसांत सरावतात.

वेळेबद्दल थोडं. ‘पाचच मिनिटं, आई’ हे दर वेळी खोटं नसतं. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्यात उठलं तर हार नोंदली जाते आणि सोबत खेळणारे मित्र चिडतात. म्हणून अशा गेमला घड्याळ लावण्यापेक्षा ‘दोन मॅच’ असं ठरवा. एकट्याने खेळायच्या गेमचं तसं नाही. निन्टेंडोचं स्विच किंवा प्लेस्टेशन ५ झोपवून ठेवलं की गेम तिथल्या तिथे थांबतो आणि उद्या तिथूनच सुरू होतो. तिथे ‘सेव्ह व्हायचंय’ ही सबब बहुतेकदा चालू देऊ नये. मुलाचा कोणता गेम कसला आहे एवढं तुम्हाला ठाऊक असलं, तरी रोजची निम्मी भांडणं मिटतील.

‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, पण त्याची लक्षणं ठरलेली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापुढे खेळच येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणं. सुट्टीत दोन दिवस पोकेमॉनमध्ये बुडालेली मुलगी त्यात बसत नाही. शाळा, झोप, जेवण, मैत्रिणी हे सगळंच सुटत चाललं असेल, तर मात्र गेम लपवून भागणार नाही, डॉक्टरांशी बोला.

आता मशीनचं. निन्टेंडो स्विच २ हे ५ जून २०२५ ला आलं, सोबत ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’. लहान मुलांसाठी हा गेम मला आवडतो. गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी सोय त्यात आहे, त्यामुळे पाच वर्षांचं पोरही आजोबांच्या बरोबरीने शर्यतीत टिकतं. शिवाय स्पर्धकांत एक चक्क गाय आहे, ती मोटार चालवते. ‘डाँकी काँग बनान्झा’तही दोघांना मिळून खेळता येतं. अडचण एवढीच की हे मशीन भारतात अधिकृतपणे विक्रीला आलं नाही. अमेरिकेतला मामा आणतो किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आयात केलेलं मिळतं. तेव्हा वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. अजून एक. स्विच २ चे काही गेम ‘गेम-की कार्ड’ म्हणून येतात. त्या डबीत कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. गावी आजोळी नेट धड नसेल, तर सुट्टीचा पहिला दिवस रडारडीत जाईल.

डिस्कचा फायदा निराळाच. झालेला गेम सोसायटीतल्या मित्राला देऊन त्याचा आणता येतो, विकताही येतो. डिस्कच्या खाचेशिवाय मिळणारं स्वस्त प्लेस्टेशन घेतलंत, तर ही वाट बंद होते.

मुलांसोबत खेळायचं असेल तर ‘इट टेक्स टू’चं नाव हमखास निघतं. २०२१ मधला हा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही आणि कल्पकतेत त्याला तोड नाही. वरवर बाहुल्यांची गोष्ट वाटते. पण त्यातले आईबाबा घटस्फोट घ्यायला निघालेले आहेत, मुलीच्या अश्रूंनी ते बाहुल्या झाले आहेत, आणि जादू उतरावी म्हणून ते मुलीला पुन्हा रडवायला निघतात. त्यासाठी ते तिच्या लाडक्या कापडी हत्तिणीला ओढत नेऊन मारतात, आणि ती गयावया करत असताना बटणं आपणच दाबायची असतात. शिक्का १२ चा आहे आणि तो योग्य आहे. तेरा-चौदाच्या मुलाबरोबर तो जरूर खेळा. त्या प्रसंगानंतर जे बोलणं निघतं ते एरवी जेवणाच्या ताटावर निघत नाही. सात वर्षांच्या मुलीला मात्र त्यापासून दूर ठेवा, विशेषतः घरात ताण असेल तेव्हा.

आपल्या मातीतलं काही हवं असेल तर ‘राजी’ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राक्षस, दुर्गा आणि विष्णूचं निवेदन. लढाई आहे, म्हणून फार लहानांना नको. हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यांत आधी स्विचवर आला, म्हणजे पुण्यात तयार झालेला गेम पुण्यात अधिकृतपणे न मिळणाऱ्या मशीनवर! नंतर तो इतर कन्सोलवरही पोहोचला. ‘वेंबा’ही पाहा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची, इडली करत करत उलगडणारी गोष्ट. एका संध्याकाळीत संपतो. परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबाबांना तो जरा जास्तच लागेल.

आणि ‘जीटीए’. या मालिकेचा सहावा भाग दोनदा लांबणीवर पडून १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. तारीख पुन्हा हलो न हलो, वर्गात चर्चा आधीच सुरू असते. पाचव्या भागाला १८ चा शिक्का होता आणि तो वाजवी होता. गुन्हेगारी, छळ, लैंगिक दृश्यं, सगळं त्यात आहे. ‘सगळ्यांकडे आहे’ असं तुमचा सातवीतला मुलगा म्हणेल. त्याला आजच, न रागावता, स्पष्ट सांगा : नाही, अजून नाही. आदल्या दिवशी सांगितलेला नकार मोडतो. महिनोन्‌महिने आधी सांगितलेला टिकतो.

कोणताही नवा गेम आला की पहिला तासभर मुलाशेजारी बसा. त्यालाच शिकवू द्या, तुम्ही हरा. दुकान कुठे आहे, अनोळखी आवाज येतात का, थांबवता येतं का, हे त्या तासात दिसतं. प्लेस्टेशनच्या खोक्यात कंट्रोलर एकच येतो. तेव्हा या दिवाळीत बजेट एकाच गोष्टीचं असेल, तर नव्या गेमआधी दुसरा कंट्रोलर घ्या, आणि तो तुमच्या हातात राहू द्या.