कोड झाकून द्यायचा, तर खर्च किती?

बिलिंगचं किंवा शाळेच्या फीचं सॉफ्टवेअर पीएचपीत लिहून ग्राहकाच्या सर्व्हरवर बसवून देणाऱ्या छोट्या विकसकाला एक धास्ती कायम असते. पीएचपीचा कोड तिथे उघडा पडलेला असतो. होस्टिंगचा पासवर्ड ज्याच्या हाती, तो फाइल्स वाचू शकतो, उचलू शकतो, दुसऱ्याला विकूही शकतो. म्हणून कोड ऑब्फस्केट करून द्यायचा, म्हणजे चालेल पण वाचता येणार नाही असा.

पैसे मोजण्याआधी एवढं पाहा, की कोड राहणार कोणाच्या सर्व्हरवर? तो तुमच्याच सर्व्हरवर असेल आणि ग्राहक ब्राउझरमधून वापरत असेल, तर हा खर्च करू नका. ब्राउझरपर्यंत पीएचपी पोचतच नाही. तो पैसा बॅकअपवर घाला.

ग्राहकाच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर फुकटचा मार्ग आधी बघा. याकप्रो-पीओ हे मुक्त साधन एमआयटी परवान्यावर मिळतं. ते टिपा काढून टाकतं, व्हेरिएबल, फंक्शन, क्लास यांची नावं बदलतं आणि विधानांची जागा हलवून ती ‘गोटू’ने जोडतं. ग्राहकाच्या सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. अख्खं फोल्डर एका कमांडमध्ये होतं, पुढच्या वेळी फक्त बदललेल्या फाइल्स होतात. त्यामुळे ते बिल्डमध्ये सहज बसतं. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या मोफत खात्यात खासगी रेपॉझिटरीसाठी महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. छोट्या प्रकल्पाला ती पुरतात. साधनाचं बिल शून्य.

खरा खर्च नावांपायी होतो. पीएचपीत नाव पुष्कळदा मजकूर म्हणून येतं: ‘कॉम्पॅक्ट’ला दिलेलं व्हेरिएबलचं नाव, दुहेरी डॉलरचं व्हेरिएबल, कॉलबॅक म्हणून अवतरणात दिलेलं फंक्शन. लारावेलसारख्या फ्रेमवर्कमध्ये तर डेटाबेसच्या रकान्याचं नावच प्रॉपर्टी म्हणून वापरतात. साधनाने एका जागी नाव बदललं आणि मजकुरातलं तसंच राहिलं, की प्रोग्रॅम मोडला. अशी नावं कॉन्फिग फाइलमध्ये वगळावी लागतात. मध्यम आकाराच्या प्रकल्पाला ही यादी जमवायला पाच दिवस धरा. विकसकाचा दिवस २,००० रुपयांचा मानला, तर १०,००० रुपये इथेच गेले, आणि कोटेशनमध्ये ही ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. चाचण्या मूळ कोडवर नको, झाकलेल्या प्रतीवर चालवा. आणखी एक: जुन्या-नव्या नावांची नोंद हे साधन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. प्रत्येक आवृत्तीबरोबर ते फोल्डर जपून ठेवा. नाहीतर ग्राहकाने पाठवलेल्या एरर लॉगमधलं एकही नाव तुम्हाला ओळखू येणार नाही.

विकत घ्यायचं तर आयनक्यूब. ते कोडचं बाइटकोड करून एन्कोड करतं, त्यामुळे मूळ मजकूर फाइलमध्ये राहतच नाही. वरच्या आवृत्त्यांत मुदतीचं कुलूपही लावता येतं. किंमत शेकडो डॉलरांत असते. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार आणि १८ टक्के जीएसटी मिळवा. किंमत पक्की करताना कोणती आवृत्ती आणि किती मशीनचा परवाना, हे विचारून घ्या. एन्कोड केलेल्या फाइल्स वाचणारा लोडर फुकट असतो, पण तो ग्राहकाच्या सर्व्हरवर असावाच लागतो. शेअर्ड होस्टिंग असेल तर विक्रीआधी चौकशी करा.

आवृत्तीचं बंधन मात्र महागात पडतं. आयनक्यूबसारखंच दुसरं सशुल्क साधन, झेंड गार्ड, पीएचपी ५.६च्या पुढे गेलंच नाही. आयनक्यूबचा लोडर ८.०साठी निघालाच नाही, ७.४वरून थेट ८.१वर आला. पीएचपी ७.४चे सुरक्षा-अपडेट नोव्हेंबर २०२२मध्ये थांबले. जुन्या आवृत्तीवर अडकून राहता येत नाही, म्हणून सशुल्क साधन घेताना दर दोन-तीन वर्षांनी अपग्रेडचे पैसे बाजूला ठेवा.

कोणत्याही मार्गाने गेलात, तरी पासवर्ड आणि एपीआय की कोडमध्ये ठेवू नका. प्रोग्रॅम चालताना त्या मेमरीत उघड्याच येतात. चिकाटीचा माणूस ऑब्फस्केट केलेला कोडही उलगडतो. फक्त त्याचा वेळ जातो.

म्हणून कायद्याचं संरक्षणही घ्या, ते स्वस्त आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोंदणीची फी ५०० रुपये. २०२१च्या दुरुस्तीपासून सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, तीही काही न झाकता. ती मूळ कोडची द्या, झाकलेल्या प्रतीची नव्हे. तुमच्या कोडमध्ये जीपीएल परवान्याखालचा भाग असेल, तर ग्राहकाला वाचता येणारा मूळ कोड द्यावाच लागतो. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन दालनातही झाकलेला कोड चालत नाही.

झाकलेलं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यानेही करारात एक कलम घालून घ्यावं: विक्रेत्याने काम बंद केलं, तर मूळ सोर्स कोड आपल्याला मिळेल. त्यासाठी कोडची प्रत आधीच तिसऱ्याकडे ठेवायची आणि तिचं शुल्क कोणी भरायचं, हे सही करण्याआधीच ठरवा.