उघड्यावरील लाकडाची निगा

हिंडलग्यात ओसरीचा सागवानी खांब निरखून पाहावा. आतली बाजू तांबूस, तर उन्हाकडची राखेसारखी करडी दिसते. लाकूड पावसाने बिघडते असा समज आहे. वस्तुतः आरंभ उन्हाने होतो. लाकडाचे तंतू लिग्निन नामक द्रव्याने सांधलेले असतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते फुटते आणि मृगाचा पाऊस ते धुऊन नेतो. पारदर्शक रोगणातून किरण आरपार जातात, म्हणून चकाकी असूनही त्याचे पापुद्रे निघतात.

त्यापेक्षा जवसाचे तेल, रंगाऱ्यांचे बेलतेल, बरे. ते लाकडात मुरते व प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यात थोडा गेरू खलावा. त्यातील लोहाचे संयुग किरण अडविते. मात्र हे काम वरचेवर करावे लागते, ही त्याची उणीव. तापलेल्या लाकडावर तेल मुरण्याआधीच चिकटते; यास्तव पावसाळ्यानंतर लाकूड पुरते सुकल्यावर, सावलीत पातळ हात द्यावा आणि घटकाभराने उरलेले तेल पुसावे.

पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात कदापि टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता उत्पन्न होते. ती बोळ्यात कोंडली की ठिणगीवाचूनही आग लागू शकते. चिंध्या पाण्यात बुडवाव्या, मग अंगणात एकेक पसरून वाळवाव्या.